एक सर्व्हर, एक यादी आणि आपली प्रश्नचिन्हं

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेकडे जाताना आपल्यापैकी अनेकजण दोनशेऐंशी नंबरचा हायवे धरतात. डोंगराच्या कडेनं जाणारा हा रस्ता मेन्लो पार्कजवळ एका लांबलचक, सरळ इमारतीवरून जातो. खाली स्टॅनफर्डचा कण-त्वरक आहे. सुमारे ३.२ किलोमीटर लांब, बाणासारखा सरळ, १९६६पासून चालू. माझा चुलतभाऊ त्या भागात राहतो. त्याच्याकडे गेलो की या पुलावरून आम्ही दहा वेळा तरी ये-जा करायचो. पण अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर याच आवारात लागला, हे मला खूप उशिरा कळलं. तो नेमका कशासाठी लावला होता हे समजलं, तेव्हा मला आमच्या मंडळाच्या वेबसाइटची आणि तिथं हरवलेल्या लेखांची आठवण झाली. त्या दोन्ही गोष्टी आज सांगायच्या आहेत.

आधी स्टॅनफर्डची गोष्ट.

या प्रयोगशाळेचं नाव स्लॅक. भौतिकशास्त्रात त्या काळी एक पद्धत होती. शोधनिबंध नियतकालिकात छापून यायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून लेखक त्याच्या प्रती काढून जगभरच्या ओळखीच्या संस्थांना टपालानं पाठवत. या प्रतींना प्रीप्रिंट म्हणत. ज्याचं नाव पाठवणाऱ्याच्या यादीत, त्याला ताजी बातमी. ज्याचं नाव नाही, त्यानं वाट बघायची. स्लॅकच्या ग्रंथालयात असे गठ्ठेच्या गठ्ठे येत. तिथल्या ग्रंथपालांनी १९६९पासून दर आठवड्याला आलेल्या प्रीप्रिंटची छापील यादी पाठवायला सुरुवात केली. १९७४पासून, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या 'डेझी' प्रयोगशाळेच्या साथीनं, ही यादी संगणकावर डेटाबेस म्हणून ठेवली जाऊ लागली. ती ज्या प्रणालीवर चालायची तिचं नाव स्पायर्स. ती स्टॅनफर्डमध्येच तयार झालेली होती आणि आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकावर चालायची.

म्हणजे वेब यायच्या सतरा वर्षं आधीपासून डेटाबेस होता, त्यात माहिती होती, आणि ती रोज नीट भरणारी माणसं होती. अडचण होती ती तिथवर पोचण्याची. दूरच्या माणसाला एकतर मेनफ्रेमवर खातं हवं, नाहीतर बिटनेट नावाच्या जाळ्यावरून ठरावीक साच्यात निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. सवयीच्या माणसाला ते जमायचं. नवख्याला आज्ञांचा कागद शेजारी ठेवूनच बसावं लागे.

१३ सप्टेंबर १९९१ या दिवशी, शुक्रवारी, स्लॅकचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल कुन्झ जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होते. तिथं टिम बर्नर्स-ली यांनी त्यांना आपलं नवं काम दाखवलं, वर्ल्ड वाइड वेब. दोघंही नेक्स्ट कंपनीच्या संगणकांचे चाहते, त्यामुळे ओळखीला निमित्त होतं. एका पानावरच्या शब्दावर टिचकी मारली की दुसरं पान उघडतं, हे बघून कुन्झ यांना फारसं काही वाटलं नाही. मग बर्नर्स-ली यांनी त्याच खिडकीतून सर्नच्या मेनफ्रेमवरच्या मदत-माहितीत एक शब्द शोधून दाखवला. उत्तर आलं ते पानासारखंच दिसणारं. तेव्हा कुन्झ सावरून बसले. मेनफ्रेमला असं विचारता येत असेल तर स्पायर्सलाही विचारता येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं.

परत आल्यावर त्यांनी हे स्लॅकच्या ग्रंथपाल लुईस ॲडिस यांना सांगितलं. ॲडिस यांची हयात याच यादीत गेली होती. त्यांना ते ताबडतोब पटलं आणि त्यांनी ते काम लावून धरलं. माझ्या मते या गोष्टीतली महत्त्वाची व्यक्ती त्याच. नवं यंत्र आवडणारी माणसं पुष्कळ असतात. आपल्याकडची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही याची रुखरुख असणारं माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी सापडत नाही.

१२ डिसेंबर १९९१ रोजी सर्व्हर सुरू झाला. अमेरिकेतला पहिला, युरोपबाहेरचाही पहिला. पहिलं पान म्हणजे जेमतेम तीन ओळी. चित्र नाही, रंग नाही. त्यातला एक दुवा स्पायर्सकडे जाणारा. काम असं चालायचं: वाचक लेखकाचं नाव देणार, सर्व्हर ते उचलून स्पायर्सला समजेल अशा आज्ञेत बसवणार, स्पायर्स यादी देणार, सर्व्हर त्या यादीला पानाचं रूप देऊन परत पाठवणार. तेव्हा वेबपानावर भरायचा फॉर्म नव्हता. शोधायचा शब्द पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून जोडला जाई. आजही शोध घेतल्यावर पत्त्याच्या पट्टीत ते प्रश्नचिन्ह दिसतं, ते त्या दिवसांपासूनचं.

कुन्झ यांनी बर्नर्स-लींना कळवलं तेव्हा या सर्व्हरला 'प्रायोगिक' म्हटलं होतं. म्हणजे चाचणी बाहेरच्या माणसानं घ्यायची होती. शेजारच्या खोलीतून चालतं यावरून काहीच सिद्ध होत नाही. नऊ तासांच्या अंतरावरच्या जिनिव्हातून, वेगळ्या यंत्रावरून, मेनफ्रेमचा गंधही नसलेल्या माणसाला उत्तर मिळतं का, हा खरा प्रश्न. जानेवारी १९९२मध्ये फ्रान्समधल्या ला लोंद गावी एक परिषद झाली. तिथं सुमारे दोनशे भौतिकशास्त्रज्ञांसमोर बर्नर्स-ली यांनी वेब दाखवली आणि शेवटी स्लॅकच्या स्पायर्समध्ये शोध घेऊन दाखवला. समोर बसलेल्यांना स्पायर्स ठाऊक होतं, तिथं पोचायचा त्रासही ठाऊक होता. त्यामुळे त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. माणसं आपापल्या संस्थेत परत गेली ती हे कसं बसवायचं हे विचारतच.

वेबचा इतिहास आपण बहुधा ब्राउझरपासून सांगतो, म्हणजे इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमधल्या मोझेकपासून, १९९३पासून. पण वेबची उपयुक्तता पहिल्यांदा पटली ती एका ग्रंथालयाच्या यादीमुळे. सर्व्हरला डेटाबेस जोडला, तेव्हा त्याला अर्थ आला.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगता येतील. अर्बाना-शॅम्पेनमध्येच रॉब मॅक्कूल यांनी १९९३मध्ये सर्व्हरचा एक प्रोग्राम लिहिला आणि तो फुकट वाटला. सर्व्हरनं बाहेरच्या प्रोग्रामला निरोप कसा द्यायचा याची एक सर्वमान्य रीत त्याच सुमारास तिथं ठरली. स्लॅकमध्ये जे हातानं जोडून घ्यावं लागलं होतं ते आता कुणालाही करता येऊ लागलं. मॅक्कूल १९९४मध्ये तिथून गेले आणि प्रोग्राम पोरका झाला. तो वापरणारी माणसं आपापली ठिगळं एकमेकांना पाठवू लागली. त्यातल्या आठजणांनी फेब्रुवारी १९९५मध्ये गट केला आणि १ डिसेंबर १९९५ला अपाची सर्व्हरची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस यांच्या चमूनं मायएसक्यूएल हा डेटाबेस तयार केला. त्यातलं 'माय' हे त्यांच्या मुलीचं नाव. पीएचपी ही भाषाही त्याच वर्षीची. लिनक्स तर १९९१मध्येच आलं होतं. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी या चौघांच्या आद्याक्षरांचा मिळून 'लॅम्प' हा शब्द १९९८मध्ये एका जर्मन मासिकात पहिल्यांदा आला. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी मंडळांच्या वेबसाइटी याच दिव्यावर चालल्या. आमचीही.

आता आपल्या भाषेची बाजू.

कुन्झ जिनिव्हाहून परत आले आणि स्लॅकचा सर्व्हर लागला, या दोन घटनांच्या मध्ये, ऑक्टोबर १९९१मध्ये, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. युनिकोडची संस्था त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातच नोंदली गेली होती. त्या पहिल्या खंडात देवनागरी होती. तिची मांडणी भारतातल्या इस्की या १९८८च्या प्रमाणावर आधारलेली. त्या प्रमाणाला रोजच्या वापरात आणण्यात कानपूरच्या आयआयटीचा आणि पुण्याच्या सी-डॅकचा मोठा हात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२मध्ये, न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवताना केन थॉम्प्सन यांनी ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची आखणी केली. सोबत रॉब पाइक होते. आज आपण पडद्यावर वाचतो ते जवळपास प्रत्येक मराठी अक्षर त्या रीतीनं तीन बाइटमध्ये बसवलेलं असतं. एडिसन, पार्सिपनीच्या मंडळींनी पुढच्या वेळी डायनरमध्ये गेल्यावर कागदी मॅटकडे आदरानं पाहायला हरकत नाही.

म्हणजे १९९२ संपताना कागदावर सगळं तयार होतं. प्रत्यक्षात घराघरांतल्या संगणकांवर ते यायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. विंडोज २०००मध्ये मंगल फॉण्ट आला तेव्हा कुठं सुरुवात झाली. मधल्या काळात प्रत्येकानं आपापला मार्ग काढला. कुणी रोमन लिपीत मराठी लिहिलं. कुणी शिवाजी वापरला, कुणी शुषा. या फॉण्टांमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असत, फक्त त्यांवर मराठीचा मुखवटा. फॉण्ट असेल तर लेख, नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी.

आमचं मंडळ मिडवेस्टमधलं, मध्यम आकाराचं. मी १९९८मध्ये वायटूकेच्या लाटेवर आलो. 'तू कॉम्प्युटरमधला आहेस ना' या एका वाक्यावर माझ्या गळ्यात वेबसाइट पडली. २००४मध्ये आम्ही महिना काही डॉलरांत भाड्याची जागा घेतली, त्यावर मायएसक्यूएलचा डेटाबेस उभा केला. सभासदांची नावं, कार्यक्रमांची नोंदणी, आणि मुख्य म्हणजे लेख. दिवाळी अंक छापणं परवडेना म्हणून सगळं लेखन तिथं.

तेव्हाच्या मायएसक्यूएलला वेगळं काही सांगितलं नाही तर तो मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतला आहे असं धरून चालायचा आणि क्रम लावायचा स्वीडिश भाषेच्या नियमानं. जन्मगाव सुटत नाही म्हणतात ते असं. आमच्या तक्त्यांवर 'स्वीडिश' अशी पाटी आणि आत मराठी. तरी सगळं नीट दिसायचं. कारण पान मराठीचे बाइट जसेच्या तसे आत टाकायचं आणि जसेच्या तसे बाहेर काढायचं. आत जाताना एक खोटं, बाहेर येताना तेच खोटं. फिट्टंफाट.

२००९मध्ये मला हे टोचायला लागलं. शोध नीट चालत नव्हता, शीर्षकं मध्येच तुटायची. एका शनिवार-रविवारी बसून मी सगळे तक्ते यूटीएफ-८ केले, पाटी आणि माल एक केला. पानं उघडून पाहिली, उत्तम दिसत होती. शोधही चालू लागला. मी खूश. समितीनंही टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मी बघितली नाही. दर रविवारी रात्री आपोआप प्रत काढणारी एक छोटी आज्ञा २००४पासून चालू होती. तिच्यात 'मजकूर पश्चिम युरोपीय' असं लिहिलेलं तसंच राहिलं. जोवर डेटाबेसही तेच खोटं बोलत होता तोवर प्रत अगदी बरोबर निघायची. डेटाबेस खरं बोलू लागला आणि प्रत बिघडली. यूटीएफ-८मधलं 'क' हे अक्षर पश्चिम युरोपीय लिपीत मावत नाही. जे मावत नाही त्याच्या जागी मायएसक्यूएल एक प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो. तक्रार करत नाही. रविवारमागून रविवार आमच्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठत गेली.

इथं एक बारकावा सांगायला हवा, कारण तुमच्याही मंडळात कुणाला उपयोगी पडेल. उघडल्यावर मराठीच्या जागी टोप्या घातलेली, ठिपक्यांची विचित्र युरोपीय अक्षरं दिसली तर घाबरू नका. मूळ बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसताहेत. जाणकार माणूस ते परत आणू शकतो. शुषातला जुना मजकूरही परत आणता येतो, कारण कोणत्या अक्षरामागे काय आहे हे ठाऊक असतं. पण प्रश्नचिन्हं दिसली तर तिथं काहीही उरलेलं नसतं. 'आई'ची दोन प्रश्नचिन्हं आणि 'ऊस'ची दोन प्रश्नचिन्हं यांत फरक नाही.

आणखी एक खूण होती, तीही माझ्या नजरेतून सुटली. मराठी अक्षराला तीन बाइट, प्रश्नचिन्हाला एक. त्या रविवारपासून आमच्या प्रतीची फाइल एकदम जवळपास एक-तृतीयांश झाली असणार. आकडा दर आठवड्याला ईमेलनं येत होता. 'प्रत काढली, चूक नाही' एवढंच वाचून मी ती मेल मिटवत होतो.

२०१३च्या फेब्रुवारीत ज्या यंत्रावर आमचा डेटाबेस होता ते कायमचं बंद पडलं. मी म्हटलं, काळजी नको, प्रत आहे. नवी जागा घेतली, प्रत चढवली. तारखा आल्या. इंग्रजीत लिहिलेली नावं आली. लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी, मध्येच एखादा स्वल्पविराम. परिच्छेद कुठं संपतो तेही कळत होतं. फक्त शब्द नव्हते.

२००९च्या आधीचं वाचलं, कारण एका सभासदानं एक जुनी प्रत सीडीवर घालून घरी नेली होती. नंतरच्या चार वर्षांतलं काही सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये सापडलं, काही लोकांच्या ईमेलमध्ये. पण सभासदांपुरता ठेवलेला विभाग पासवर्डच्या आत, तिथं अर्काइव्ह पोचलेलं नव्हतं. त्यात आमच्या एका काकूंची लेखमाला होती. १९६९मध्ये एक वर्षाच्या मुलाला घेऊन त्या इथं आल्या. पहिल्या हिवाळ्यात डाळ कुठून आणायची, मराठी कुणाशी बोलायचं, यावर अकरा लेख. नातवानं कीबोर्ड शिकवला म्हणून थेट पडद्यावर लिहिलेले, कागद नाहीच. सुनेनं त्यांतले तीन छापून ठेवले होते. बाकीचे आठ गेले. मी काकूंकडे सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, पुन्हा लिहीन की." त्यांनी एक पुन्हा लिहिलाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

या प्रसंगानंतर मी हा सगळा इतिहास वाचायला घेतला. स्लॅकच्या गोष्टीचा शेवटचा भाग मला तेव्हा सापडला. स्लॅकची अगदी सुरुवातीची पानं तिथल्या मंडळींनी जपून ठेवली होती. त्यांच्या अभिलेखपाल जीन डेकन यांनी ती सांभाळली आणि २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रंथालयानं ती सर्वांना पाहता येतील अशी पुन्हा उभी केली. सर्नच्या जगातल्या पहिल्या पानाची तर मूळ अवस्थेतली प्रत उरलेली नाही. आणि ती स्पायर्सची यादी? ती आता 'इन्स्पायर' या नावानं चालू आहे. मेनफ्रेम गेला, ती प्रणाली गेली, यादी राहिली. कारण प्रत्येक स्थलांतराच्या वेळी नोंदी उघडून बघणारं कुणीतरी होतं.

आमच्याकडे आता एक रीत आहे. दर वर्षी गणपतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघंजण एका जुन्या लॅपटॉपवर रिकामा सर्व्हर उभा करतो आणि त्यावर फक्त प्रतीवरून सगळी वेबसाइट चढवतो. मूळ यंत्राला हात लावायचा नाही. मग काही ठरलेल्या गोष्टी बघतो. 'दुसऱ्या' शब्दातला अर्धा र नीट दिसतो का. 'ॲ' शोधला तर सापडतो का, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं आणि त्याआधीचं लेखन 'अ'वर चंद्र जोडून केलेलं आहे, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. श्रद्धांजलीत कुणी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं असेल तर त्यापुढचा मजकूर शिल्लक आहे का, कारण मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांपुढचं काही मावत नसे आणि त्या जोडलेल्या हातांना चार लागतात. फाइलचा आकार गेल्या वर्षीपेक्षा कमी तर नाही ना. यादी एका कागदावर आहे, समिती बदलली की तो कागद पुढच्यांच्या हातात जातो.

सगळ्यांत शेवटी आम्ही काकूंचे चार लेख उघडतो आणि एक पूर्ण वाचतो. गेल्या वर्षी डाळीचा होता.